आधी सायकल खोलायला शिका

माउंटन बाइकचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, फ्रेमला जिथे अडकवलेला असतो तिथे बोटाच्या दोन पेरांएवढा अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा असतो. त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. सायकल दगडावर आपटली तर फ्रेमचे किंवा महागड्या डिरेलरचे नुकसान होण्याआधी हा वाकावा, नाहीतर तुटावा, अशी त्यामागची योजना. किंमत काही शे रुपये. मात्र जवळपास प्रत्येक कंपनीचा, कित्येकदा प्रत्येक मॉडेलचा हँगर निराळा. त्याचे आकार शेकड्यांनी आहेत. 2019 मध्ये स्रॅम या अमेरिकी कंपनीने सगळ्यांना वापरता येईल असा एक समान हँगर आणला आणि नव्या सायकलींवर तो दिसू लागला आहे, पण आपल्याकडे वापरात असलेल्या बहुतेक सायकलींवर अजून जुनेच तऱ्हेतऱ्हेचे तुकडे आहेत. हिमाचलात ग्राम्फूहून बातलमार्गे कुंझुम खिंड चढताना, साडेचार हजार मीटरच्या आसपास, हा तुकडा तुटला तर वाटेवरच्या ढाब्यात तो मिळणार नाही. जवळ दुसरा हँगर असेल आणि तो बसवण्याची सवय असेल, तर अर्ध्या तासात सायकल पुन्हा चालू लागते. हँगर नसेल, पण चेन तोडून आखूड करून जोडता येत असेल, तर एकाच गिअरवर का होईना, लोसर गाठता येते. यातले काहीच जमत नसेल, तर लाख-दीड लाखाची सायकल हातात धरून चालावे लागते. कच्च्या वाटेवरच्या लांब प्रवासासाठी सायकल तयार करण्याबद्दल मला जे म्हणायचे आहे ते यातूनच निघते. वाटेत जे जे बिघडू शकते ते ते स्वाराने निघण्यापूर्वी स्वतःच्या हाताने निदान एकदा खोलून पुन्हा जोडलेले असले पाहिजे. तोवर सायकल कितीही भारी असो, ती तयार झालेली नाही. आणि आपल्याकडे तयारीचा पैसा, वेळ आणि चर्चा जवळपास सगळी खरेदीवर खर्च होते.

महाराष्ट्रात लांब पल्ल्याचे सायकलिंग गेल्या काही वर्षांत जोमाने वाढले आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकेकट्याने पुरी केली. या कामगिऱ्यांनी पुण्या-नाशकातल्या, नागपुरातल्या कितीतरी लोकांना सायकलवर बसवले. पण त्याबरोबर तयारीची एक विशिष्ट कल्पनाही रुजली. ती शर्यत डांबरी रस्त्यावरची आहे. स्वाराच्या मागे गाडी असते, गाडीत मदतनीस, सुटे भाग, दुसरी सायकल. स्वाराने फक्त पेडल मारायचे आणि बाकीचे इतरांनी पाहायचे, ही विभागणी तिथे अगदी योग्य आहे. डांबर सोडून सायकल जेव्हा जंगलखात्याच्या जुन्या रस्त्यावर, कोकणातल्या सड्यावर किंवा स्पितीच्या दगडधोंड्यांत शिरते, तेव्हा ही विभागणी टिकत नाही. गाडी एक तर तिथे पोचतच नाही किंवा लांबच्या वळशाने दोन-तीन तासांनी पोचते. तरीही अशा राइडच्या तयारीच्या गप्पा ऐकल्या की टायर किती इंची, फोर्क किती मिलिमीटरचा, फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची, एवढ्यावरच गाडे अडलेले दिसते.

कच्च्या वाटेच्या लांब प्रवासाचे जगात सर्वांत नीट तपासले गेलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतला ग्रेट डिव्हाइड मार्ग. मोंटाना राज्यातल्या मिझूला येथील अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशनने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे नकाशे तयार केले. कॅनडातल्या बॅन्फपासून न्यू मेक्सिकोत मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटेलोप वेल्सपर्यंत सुमारे 4,400 किलोमीटर, त्यातला बराचसा भाग खडीचा आणि मातीचा; कोलोरॅडोतली इंडियाना खिंड 3,600 मीटरच्या वर. 2008 पासून या मार्गावर दरवर्षी ‘टूर डिव्हाइड’ ही शर्यत भरते. तिचा कणा असलेला नियम असा की बाहेरून ठरवून घेतलेली कोणतीही मदत चालणार नाही. वाटेवरच्या ज्या दुकानात कुणीही जाऊ शकतो तिथे जा, नाहीतर स्वतः दुरुस्त करा. 2016 मध्ये ब्रिटनच्या माइक हॉल यांनी हा मार्ग 14 दिवसांच्या आत पार केला. त्याच्या आदल्या वर्षी लाएल विल्कॉक्स यांनी तो सुमारे 17 दिवसांत पुरा करून महिलांचा विक्रम केला होता. या शर्यतीत लोक कोणती सायकल वापरतात हे पाहण्यासारखे आहे. मागे सस्पेन्शन नसलेली फ्रेम बहुतेकांची पसंती. पुढचा फोर्कसुद्धा कित्येकजण साधा, सस्पेन्शनशिवायचा लावतात. हातांना हादरे जास्त बसतात हे त्यांना ठाऊक असते. तरीही झिजणाऱ्या सिला, गळणारी हवा आणि आतले तेल यांची काळजी नको, म्हणून ते हादरे पत्करतात. जिंकण्यासाठी निघालेले लोकही जिथे आरामापेक्षा कमी बिघाडाला वरचढ ठरवतात, तिथे केवळ पोचण्यासाठी निघालेल्या माणसाने उलटा विचार का करावा?

हा विचार नवा मुळीच नाही. ज्या मिझूला गावात त्या मार्गाचे नकाशे निघाले, त्याच गावाजवळच्या लष्करी ठाण्यातून 1897 च्या जूनमध्ये अमेरिकी सैन्याच्या 25 व्या पायदळ पलटणीतले वीस कृष्णवर्णीय सैनिक सायकलींवर निघाले आणि सुमारे 1,900 मैल तुडवून जुलैअखेर सेंट लुईसला पोचले. रस्ते असे नव्हतेच. मोंटानाच्या चिकट मातीत चाके रुतत, कधी रेल्वेच्या स्लीपरवरून सायकली रेटाव्या लागत. सुटे भाग सोबत होते आणि ते बसवणारे हातही तुकडीतच होते. आपल्या मुंबईतून 1923 मध्ये निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे सुमारे 71 हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा करून 1928 मध्ये परतले. वाळवंटे आणि डोंगर ओलांडणाऱ्या त्यांच्या त्या सायकलींना गिअरची आजच्यासारखी यंत्रणा नव्हती आणि वाटेत पंक्चर काढून देणारे दुकान गृहीत धरता येत नव्हते. माउंटन बाइकचा जन्मही असाच आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावत. मागे पेडल मारून लागणारा हबमधला ब्रेक एका उतारातच इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई. खाली आले की हब खोलायचा, साफ करायचा, नवे ग्रीस भरायचे, मगच पुन्हा वर जायचे. ज्याला हब खोलता येत नाही तो त्या खेळात असूच शकत नव्हता. पुढे हा खेळ मोठ्या कंपन्यांच्या हाती गेला, सायकली कितीतरी पटींनी सुधारल्या आणि खोलाखोलीचे काम हळूहळू दुकानाच्या मागच्या खोलीत गेले.

आता आपल्या भूगोलाकडे येऊ, कारण परदेशी मासिके वाचून केलेली तयारी इथे अनेकदा फसते. देशावरची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरला थरावर थर चढवत जाते. टायर आणि फ्रेम यांच्यात करंगळीएवढीही मोकळी जागा नसेल, तर काही मीटरांत चाक फिरायचे थांबते. म्हणून फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर घालण्याचा मोह पावसाळ्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत टाळलेला बरा. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या जांभ्याची लाल धूळ वेगळा त्रास देते. ती पिठासारखी बारीक असते, चेनवरच्या तेलात मिसळते आणि त्याचे घासकागदासारखे काम सुरू होते. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात पट्ट्या ताणत नाहीत. आतल्या पिना झिजतात आणि कडी-कडीतले अंतर वाढते. साध्या फूटपट्टीने हे मोजता येते. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. त्या इंचाच्या सोळाव्या भागाने जास्त भरल्या की चेन बदलायची. दुर्लक्ष केले तर ती झिजलेली चेन मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संचही खाऊन टाकते आणि मग खर्च कितीतरी पटींनी वाढतो. इथे एक चूक फार सर्रास होते. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंगला टाकलेल्या सायकलीला नवी चेन बसवली जाते, आणि जुन्या कॅसेटच्या झिजलेल्या दातांवरून ती पहिल्याच चढावर उड्या मारू लागते. चेन बदलायची तर निदान दोन आठवडे आधी बदलावी आणि चढावर जोर लावून पाहावी. तेलाच्या बाबतीतही उदारपणा नको. कड्यांच्या आत एकेक थेंब पुरे, बाहेरचे फडक्याने पुसून टाकायचे. चकाकणारी ओली चेन धुळीला निमंत्रण देते.

टायरचा विषय मी जरा विस्ताराने मांडतो, कारण लांब राइडमधले सर्वाधिक खोळंबे इथेच होतात आणि सर्वाधिक गैरसमजही इथेच आहेत. ट्यूबलेस टायर आणि त्यात ओतलेले सीलंट हा खरोखर मोठा शोध आहे. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात तर त्याला पर्याय नाही. काटा घुसतो, पातळ लॅटेक्स भोकाकडे धावते, घट्ट होते आणि स्वाराला कित्येकदा कळतही नाही. पण ते लॅटेक्स वाळते. आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत टायरच्या आत फक्त एक रबरी पापुद्रा उरलेला असू शकतो, आणि बाहेरून टायर दिसायला अगदी ठीक असतो. निघण्यापूर्वी टायरची कड रिमवरून उचलून आत द्रव आहे की नाही हे डोळ्यांनी पाहणे, हाच खात्रीचा मार्ग. दुसरे असे की धारदार बेसाल्टने टायरची बाजू फाटली तर सीलंट काही करू शकत नाही. तेव्हा आत ट्यूब टाकावी लागते, आणि त्याआधी आतून हात फिरवून रुतून बसलेला एकेक काटा उपटावा लागतो. एरवी निरुपद्रवी असलेले तेच काटे ट्यूब घातल्याबरोबर तिला भोके पाडतात. फाटलेल्या बाजूला आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा, मग ट्यूब. हे सगळे घरच्या अंगणात एकदा करून पाहिले की पुढे भीती राहत नाही. तिसरी गोष्ट व्हॉल्व्हची. चांगल्या माउंटन बाइकला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. आपल्या तालुक्याच्या, गावाच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याची नळी मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हला बसणारी. पितळेचे एक चिमुकले अ‍ॅडॉप्टर जवळ असले की महाराष्ट्रातला जवळपास प्रत्येक पंक्चरवाला तुमच्या उपयोगी पडतो. नसले की त्याच्या दुकानासमोर उभे राहूनही चाक बसलेलेच राहते. 29 इंची ट्यूब खेड्यात मिळणे कठीण, पण लहान मापाची ट्यूब ताणून वेळ निभावता येते, हेही माहीत असलेले बरे.

हे तपशील मी देतो आहे ते त्यांतून एक निकष हाती येतो म्हणून. कोणताही भाग निवडताना ‘हा किती हलका’ किंवा ‘किती वरच्या श्रेणीतला’ असे विचारण्याआधी ‘हा मोडला तर जिथे मी असेन तिथे काय करता येईल’ असे विचारावे. ब्रेकचेच पाहा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक उत्तम थांबवतात, हे निर्विवाद. पण त्यांच्यात दोन घराणी आहेत. काहींत खनिज तेल असते, काहींत मोटरसायकलला लागते तसले डॉट प्रकारचे ब्रेक ऑइल. एकाच्या जागी दुसरे भरले तर आतल्या रबरी सिला खराब होतात. ज्याच्या सायकलीला डॉट ऑइल चालते त्याला ते कोणत्याही मोटरसायकल गॅरेजात मिळेल, खनिज तेल मात्र शहराबाहेर शोधावे लागते. आणि दोन्ही बाबतींत हवा काढून तेल भरण्याची छोटी पिचकारी व ती वापरण्याचे ज्ञान जवळ हवे. तारेवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची पकड थोडी कमी असते, पण त्याची तार जिथे सायकल दुरुस्त होते तिथे बहुधा मिळते. लांब उतरणीच्या घाटात पॅड किती झपाट्याने झिजतात याची कल्पना शहरात येत नाही. ओल्या चिखलात तर मऊ, राळेचे पॅड एका राइडमध्येच संपू शकतात. धातूमिश्रित पॅड आवाज करतात, पण टिकतात. पॅडची एक जोडी चिमूटभर वजनाची असते आणि एक स्क्रू काढून बदलता येते. कुठला ब्रेक बरा, याचे एकच उत्तर नाही. ज्याला पिचकारीने तेल भरता येते त्याने हायड्रॉलिक घ्यावा, ज्याला येत नाही आणि शिकायचेही नाही त्याने तारेचा घ्यावा. म्हणजे ब्रेक कोणता हे ठरवण्याआधी आपल्याला काय येते ते ठरले पाहिजे.

गिअरच्या बाबतीत तर खरेदीचा मोह आकड्यांनीच खोटा पाडता येतो. आजच्या महागड्या 12 स्पीड सायकलीला पुढे 32 दात्यांची एकच चकती आणि मागे सर्वांत मोठी 51 दात्यांची. चढावरच्या सर्वांत हलक्या गिअरचे गुणोत्तर झाले साधारण 0.63. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या, पुढे तीन चकत्या असलेल्या सायकलीला सर्वांत लहान चकती 22 दात्यांची आणि मागे 36 ची असेल तर गुणोत्तर येते 0.61. सामान लादून घाट चढताना जुनी सायकल किंचित का होईना, अधिक सोपी पडते. जुनीत पुढचा डिरेलर सांभाळावा लागतो आणि नव्या यंत्रणेत चेन कमी निसटते, हे खरेच. पण तीस-चाळीस हजारांच्या जुन्या सायकलीने सह्याद्री ओलांडता येणार नाही, असा जो समज हौशी लोकांच्या मनात बसवला जातो, त्याला आधार नाही. जिथे पैसा खर्च करणे खरोखर शहाणपणाचे आहे ती जागा म्हणजे चाके. लादलेल्या सामानाचा बराचसा भार मागच्या चाकावर येतो आणि गिअरच्या बाजूचे स्पोक आधी तुटतात. कुशल कारागिराकडून स्पोकचा ताण समान करून घेणे, योग्य लांबीचे तीन-चार स्पोक फ्रेमला चिकटवून ठेवणे आणि चाकाचा आउट, म्हणजे फिरताना होणारी डुगडुग, स्वतः थोडाफार काढता येणे, एवढे पुरे. सामानाच्या बॅगा फ्रेमवर कुठे घासतात, कोणता बोल्ट हादऱ्यांनी ढिला होतो, हे फक्त पूर्ण सामानासह केलेल्या दोन दिवसांच्या सराव-राइडमध्येच कळते; आणि खोगिराची उंची सेंटिमीटरभर चुकली तर गुडघा काय म्हणतो, हँडलवर तळहाताच्या कडेची नस दबली तर करंगळी कशी बधिर होते, तेही तिथेच.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की हे काम कारागिराचे आहे. हौशी हातांनी केलेल्या खोलाखोलीत सायकल सुधारण्याऐवजी बिघडते. यात तथ्य आहे. कार्बनच्या नळीवर बोल्ट जादा आवळला तर ती तडकते. बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पेडलांच्या आसाचे, आटे एका बाजूला उलटे असतात आणि जोर लावून ते खराब करणारे लोक कमी नाहीत. सस्पेन्शनचा फोर्क तर घरी उघडूच नये. पण मी सांगतो आहे ती खोलाखोली याहून खूप मर्यादित आहे. चाक काढणे-घालणे, टायर उतरवणे, चेन तोडून जोडणे, हँगर आणि पॅड बदलणे, गिअरची तार ताणणे, स्पोकची निपल फिरवणे. यांतले कोणतेच काम असे नाही की जे एका रविवारी शिकता येणार नाही. आणि जे बिघडले तर कारागीर दुरुस्त करू शकेल ते बिघडवण्याची जागा घर आहे, खिंड नव्हे. चांगल्या कारागिराची गरज यामुळे कमी होत नाही, उलट वाढते, कारण ज्याने स्वतः आउट काढून पाहिला आहे त्यालाच खऱ्या कारागिराचे चाक ओळखता येते आणि त्याचे पैसे देताना कुरकुर होत नाही.

दुसरा आक्षेप वजनाचा. हँगर, स्पोक, पॅड, ट्यूब, पंप, अ‍ॅलन पान्हे, चेनची जोडकडी, चेन तोडायचे हत्यार असे सगळे घेतले तर ओझे किती होईल? हे सगळे मिळून साधारण एका भरलेल्या लिटरच्या बाटलीइतके भरते. तेवढेच वजन सायकलीतून कमी करण्यासाठी लोक हजारो रुपये मोजतात. खरे ओझे वाढते ते न वापरता येणाऱ्या वस्तूंनी. ज्याला चेन जोडता येत नाही त्याच्या बॅगेतले चेनचे हत्यार हे निव्वळ लोखंड आहे, आणि अशी लोखंडे अनेक बॅगांत फिरत असतात. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोबाइल आहे, आयोजकांची गाडी आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. सह्याद्रीच्या दऱ्यांत, घाटवाटांच्या पोटात नेटवर्क कुठे नाहीसे होते हे ट्रेक करणाऱ्यांना नीट ठाऊक आहे. आणि गाडी आली तरी एका माणसाच्या तुटलेल्या चेनसाठी तिला कच्च्या रस्त्याने मागे फिरवायचे, म्हणजे खरोखर जखमी झालेल्या दुसऱ्या स्वारापासून तिला दूर न्यायचे. मदतीची गाडी माणसांसाठी मोकळी राहावी, सायकलींसाठी अडकू नये, हा सुरक्षिततेचा साधा हिशेब आहे.

नोकरी-संसार सांभाळून राइडसाठी दोन दिवस काढणाऱ्याला शिकायला वेळ कुठला, असेही म्हटले जाते. त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे, कारण त्याचा वेळ खरोखर अपुरा असतो. पण मॉडेलांची तुलना करण्यात, चित्रफिती पाहण्यात जातो त्या वेळेतला एक तुकडा जरी हत्यारे हातात घेण्यात गेला तरी काम भागते. इथे दुकानदारांचीही जबाबदारी येते. नवी माउंटन बाइक विकताना पहिली सर्व्हिसिंग फुकट देण्याची पद्धत आहे. त्याऐवजी किंवा त्यासोबत ग्राहकाला अर्धा दिवस वर्कशॉपमध्ये उभे करून त्याच्याच सायकलीचा हँगर आणि पॅड त्याच्याच हातून बदलून घ्यावेत. सुटा हँगर सायकलीबरोबर पाकिटात घालून द्यावा; हजारांच्या व्यवहारात काही शेंची ती वस्तू कुणालाच जड नाही. ग्रामीण भागातल्या सायकल कारागिराकडेही वेगळ्या नजरेने पाहायला हवे. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळालेल्या सायकली त्याच्याच हातांवर चालतात. छर्रे बदलणे, आउट काढणे, पंक्चर यांत त्याचा हात शहरातल्या कित्येक चकचकीत दुकानांपेक्षा बसलेला असतो. त्याला डिस्क ब्रेक आणि प्रेस्टा व्हॉल्व्हची ओळख करून देणारे एखादे शिबिर राइडच्या मार्गावरच्या गावात क्लबांनी भरवले, आणि त्यासाठी त्याच्या दिवसाची मजुरी दिली, तर दोघांचाही फायदा आहे.

सर्वांत जास्त फरक आयोजकांच्या हातात आहे. राइडच्या सकाळी हेल्मेट आणि दिवे तपासले जातात, आणि ते योग्यच आहे. पण जंगलातून किंवा घाटमाथ्यावरून दीडशे-दोनशे किलोमीटर नेणाऱ्या राइडसाठी आदल्या संध्याकाळी आणखी एक चाचणी असावी. प्रत्येक स्वाराने आपले मागचे चाक काढून पुन्हा घालून दाखवावे, टायर रिमवरून उतरवून चढवावा, चेन तोडून जोडकडीने जोडावी आणि आपल्या फ्रेमला बसणारा सुटा हँगर समोर ठेवावा. जमत नसेल तर तिथेच शिकवावे. त्यासाठी कुणाला घरी पाठवण्याची गरज नाही. वीस-पंचवीस स्वारांच्या गटाला यासाठी एक संध्याकाळ लागेल. हत्यारे आणि दुरुस्तीचा स्टँड बहुतेक क्लबांकडे आहेच. दसऱ्यानंतर सुरू होणाऱ्या या हंगामातल्या पहिल्याच राइडच्या पत्रकात ही अट छापता येईल.